गच्चीवरची कीड, विषारी औषधाशिवाय: फेब्रुवारी ते सप्टेंबरच्या नोंदी

४ फेब्रुवारी

नाशिक, तिसऱ्या मजल्यावरची गच्ची, सकाळपासून दुपारी तीनपर्यंत कडक ऊन. कुंड्या, रंगाचे रिकामे डबे, ग्रो बॅग, थर्माकोलची खोकी असा सगळा पसारा. थंडी ओसरली की पालवी फुटते आणि पालवीच्या मागोमाग कीड येतेच, तेव्हा यंदा लिहूनच ठेवायचं ठरवलंय की कशावर काय आलं, काय केलं आणि त्याने खरंच फरक पडला का.

नियम एकच, विषारी औषध नाही. मामा निफाडचे, द्राक्षवाले, त्यामुळे "थोडं मोनो देतो की, झाकणभर टाक" ही ऑफर कधीही येऊ शकते. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला २००५ पासून बंदी आहे, तरी अर्धी बाटली कुणाच्या ना कुणाच्या शेडमध्ये सापडतेच. इमिडाक्लोप्रिड "सौम्य असतं" म्हणून लोक कुंडीत ओततात, पण ते झाडात मुरतं आणि फुलातल्या मधापरागात उतरतं, आणि माझ्या जास्वंदीवर रोज शिंजीर येतो, मोहरीवर मधमाश्या असतात, चेरी टोमॅटो तर लेक न धुताच तोंडात टाकते. विषय संपला.

आजची पाहणी, हातात १० पटीचं भिंग (घड्याळ दुरुस्तीवाले डोळ्याला लावतात तसलं) आणि एक पांढरा कागद. जास्वंदीवर पांढरा कापूस, म्हणजे पिठ्या ढेकूण, ज्याला मामांकडे सगळे मिलीबगच म्हणतात. गुलाबाच्या कळ्यांवर हिरवा मावा. मोहरीवर राखाडी मावा, खच्चून. मिरचीची शेंड्याची पानं आकसलीयत. तुळस, लिंबू, कढीपत्ता ठीक. घरातला मनी प्लांट मजेत, अरेका पाम निस्तेज दिसतोय पण कारण अजून कळलं नाहीये.

९ फेब्रुवारी

मावा. याला मी काहीही फवारलं नाही, फक्त पाणी. पाइपच्या तोंडावर अंगठा दाबून जोराची धार, पानाच्या खालून वर, दुसऱ्या हाताने फांदी धरून. मावा मऊ अंगाचा आणि मंद, खाली पडला की त्यातले फार थोडे परत चढतात. एक दिवसाआड हेच करतेय आणि गुलाब जवळजवळ मोकळा झालाय.

एक दिवसाआड का, तर माव्याच्या माद्यांना नर लागतच नाही, आपल्याकडच्या हवेत त्या अंडी घालायच्या भानगडीत न पडता थेट पिल्लं देतात आणि आठवड्या-दीड आठवड्यात ती पिल्लं स्वतः आया होतात. रविवारी एकदा धुतलं आणि पुढच्या रविवारपर्यंत विसरलं तर परत तेवढाच असणार. लोक म्हणतात "पाणी मारून काही होत नाही", तेव्हा बहुतेक वेळा त्यांनी एकदाच मारलेलं असतं.

मोहरीवरचा मावा मात्र तसाच ठेवलाय. मोहरी खायची नाहीये, ती तिथे माव्यासाठीच आहे. मावा असला तर ढालकिडे (लेडी बर्ड) येतील, सिरफिड माश्या (यांच्या अळ्याही मावा खातात) येऊन अंडी घालतील, त्यांना खायलाच काही नसेल तर त्या माझ्या गच्चीवर कशाला थांबतील? घरचे म्हणतात हे काय किडीचं पाळणाघर काढलंयस. हो, तेच काढलंय.

अजून एक, शेंगदाणा पेंडीचं पाणी निम्म्यावर आणलं. नत्र जास्त झालं की पालवी लुसलुशीत येते आणि मावा, तुडतुडे, पांढरी माशी सगळ्यांना तीच हवी असते. झाड हिरवंगार दिसतं म्हणून आपण खूश, कीडही खूश.

१६ फेब्रुवारी

आज साबण. याबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण "साबणाचं पाणी मारा" हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि कुठला साबण, किती, कशात, हे कुणी सांगत नाही.

साबणाचं पाणी किडीच्या अंगावर पडलं तरच काम करतं. मऊ अंगाच्या किडीचं वरचं आवरण त्याने फाटतं, आतलं पाणी निघून जातं. पानावर सुकलं की संपलं, उद्या येणाऱ्या किडीला त्याचा काही त्रास नाही. म्हणजे फवारणी पानाच्या खालच्या बाजूला, देठाच्या बेचक्यात, पार ओलं होईपर्यंत हवी, वरून सडा टाकल्यासारखं केलं तर फक्त पानं चकचकीत होतात.

साबण म्हणजे साबणच, भांड्यांचं लिक्विड किंवा कपड्यांची पावडर म्हणजे डिटर्जंट, ते पानावरचा मेणाचा थर खरवडून काढतं आणि कडा करपतात. पोटॅशियमचा सॉफ्ट सोप मिळाला तर उत्तम, लिटरला १० मिली. नाही मिळाला तर वास-रंग नसलेला साधा साबण किसून कोमट पाण्यात विरघळवायचा. आणि पाणी! आमच्या बिल्डिंगमध्ये बोअरचं पाणी आहे, जड, त्यात साबण फुटतो, वर पांढरी साय येते, नोझल चोंदतं आणि किडीला काही होत नाही. मी फवारणीपुरतं आरओचं पाणी घेते. आई म्हणाली, "प्यायचं पाणी झाडांच्या ढेकणांना?" एका लिटरवरून एवढं!

आधी दोन पानांवर मारून दोन दिवस थांबायचं. नेच्यांवर अजिबात नाही. बाकीच्यांवरही संध्याकाळी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साध्या पाण्याने धुऊन टाकायचं.

२४ फेब्रुवारी

जास्वंद. साबण मारला की चारपाच दिवस बरं, मग परत पांढरं. मामा लग्नाची पत्रिका द्यायला आले होते, त्यांना वर नेलं. त्यांनी ढेकणांकडे बघितलंच नाही, खोडाकडे बघितलं, मग वाकून कुंडीखाली. "मुंग्या बघ किती आहेत. तू पाहुण्यांना हाकलतेस आणि घरमालकाला चहा पाजतेस."

आता मुंग्यांचं सगळं गणित लिहून ठेवते, कारण मला विचारलं तर कुंड्यांमधल्या अर्ध्या किडीची किल्ली इथे आहे. पिठ्या ढेकूण, मावा, खवले कीड हे झाडाचा रस पितात, त्यातली साखर जास्त झाली की गोड चिकटा बाहेर टाकतात. मुंग्यांना तो चिकटा हवा. त्या बदल्यात त्या ढेकणांची राखण करतात, ढालकिडा किंवा बारीक गांधीलमाशी जवळ आली की हुसकावतात, पिल्लांना उचलून नव्या फांदीवर, नव्या कुंडीवर नेऊन सोडतात. खाली पानांवर जो काळा थर चढतो ती काजळी, ती त्याच चिकट्यावर वाढणारी बुरशी, तिला वेगळं औषध मारायची गरजच नाही, चिकटा थांबला की ओल्या फडक्याने पुसून जाते.

द्राक्षात मामा काय करतात तर खोडाची सुटलेली साल काढून टाकतात, कारण ढेकूण आणि त्यांची अंडी सालीखाली दडतात आणि तिथे कुठलाच फवारा पोचत नाही, आणि खोडाभोवती चिकट पट्टी, म्हणजे मुंग्यांचा रस्ता बंद.

तेच गच्चीवर केलं. जास्वंदीच्या जास्त भरलेल्या फांद्या छाटल्या आणि थेट साबणाच्या बादलीत बुडवल्या, कंपोस्टमध्ये टाकल्या नाहीत. उरलेलं जुन्या टूथब्रशने घासलं. खोडाला कापडी टेपची पट्टी गुंडाळून त्यावर ग्रीस, ग्रीस थेट सालीला लागू द्यायचं नाही. भिंतीला टेकलेल्या फांद्या कापल्या, नाहीतर मुंग्यांना तो पूल मिळतो. कुंडी विटांवर उचलून, विटा पाण्याच्या ताटल्यांत (पाणी रोज बदलायचं, नाशिकला डेंग्यू काही कमी नाही). मुंग्यांचं वारूळ कुंडीच्या तळाशीच होतं, कुंडी तासभर पाण्याच्या टबात बुडवून ठेवल्यावर अंडी तोंडात धरून पूर्ण वसाहत बाहेर पडली.

घरातल्या झाडांवर असे पाचपंचवीस ढेकूण असतील तर कानकाडीला सर्जिकल स्पिरिट लावून एकेक टिपायचा, मेणाचा थर विरघळतो आणि तो तपकिरी पडतो. वेळखाऊ आहे पण टीव्ही बघताना होतं.

५ मार्च

मुंग्या बंद केल्यावर जास्वंदीवर लगेच फरक. ढेकूण आहेत, पण कमी, आणि आज त्यांच्यात एक वेगळाच प्राणी दिसला. पांढरा, पिठाचाच वाटावा असा, पण ढेकणापेक्षा मोठा, अंगावर लांब पांढरे धागे, आणि भराभर चालणारा. ढेकूण इतका पळत नाही. ही क्रिप्टोलेमसची अळी, ढेकूण खाणाऱ्या ढालकिड्याचं पिल्लू. दिसायला शत्रूसारखी असल्यामुळे लोक हिलाच आधी चिरडतात. मूळचा ऑस्ट्रेलियाचा किडा, भारतात १८९८ मध्ये आणला, आता द्राक्षबागांत मिलीबगसाठी मुद्दाम सोडतात. माझ्याकडे कुठून आला माहीत नाही, या शहराच्या भोवती बागाच बागा आहेत.

मामांनी फोनवर पपईचा किस्सा सांगितला तो खरंच भारी आहे. २००८ मध्ये कोइमतूरला पपईवरचा परदेशी पिठ्या ढेकूण सापडला आणि मग पपई, तुती, टॅपिओका सगळ्याची वाट लावली, लोक एकामागून एक औषधं मारत होते आणि तो हलत नव्हता. शेवटी २०१० मध्ये पोर्तो रिकोहून त्याच्यावर जगणाऱ्या इवल्याशा गांधीलमाश्या आणल्या, बेंगळुरूच्या संस्थेत वाढवल्या, शेतात सोडल्या आणि ढेकूण आटोक्यात आला. या माश्या ढेकणाच्या पोटात अंडं घालतात, पिल्लू त्याला आतून खातं आणि त्याच्या अंगाला भोक पाडून बाहेर पडतं. भिंगाखाली कधी पोकळ, भोक पडलेला ढेकूण किंवा फुगीर सोनेरी-तपकिरी मावा दिसला तर त्या पानाला हात लावायचा नाही, तिथे कुणीतरी कामावर आहे.

१५ मार्च

मिरची. चुरडामुरडा, बोकड्या, काही म्हणा, एका नावाखाली तीन वेगळे आजार आहेत आणि तिघांचा इलाज वेगळा, त्यामुळे आधी पान नीट बघायचं.

पानाच्या कडा वरच्या बाजूला वळून होडी झाली असेल तर फुलकिडे, म्हणजे थ्रिप्स. कडा खाली वळल्या, पान अरुंद, देठ लांबट, तर पिवळा कोळी, जो साध्या डोळ्यांना दिसतच नाही. आणि पानं बारकी, पिवळसर, गुच्छासारखी, झाडच खुरटलं तर विषाणू, तो पांढऱ्या माशीने आणलेला असतो आणि त्याला जगात औषध नाही, ना रासायनिक ना सेंद्रिय. ते झाड उपटायचं. ताक, हळद, दालचिनी, हिंग काही घाला, बरं होणार नाही, उलट शेजारच्या झाडांना देत राहील.

माझ्याकडे एक विषाणूवालं निघालं, उपटलं. दोन वर वळलेली. कागदावर शेंडा झटकला की पिवळसर, काडीच्या टोकाएवढे किडे धावताना दिसतात. त्यांच्यासाठी निळे चिकट सापळे आणले, पांढऱ्या माशीसाठी आणि माव्यासाठी पिवळे. घरीही होतात, रंगीत पुठ्ठ्यावर प्लास्टिक आणि त्यावर एरंडेल तेल. सापळ्याने कीड संपत नाही, पण किती आहे ते कळतं, आणि झाडाच्या शेंड्याच्या थोडं वर लावायचा, उंच टांगला तर फक्त धूळ मिळते. सापळ्यावर ढालकिडे अडकायला लागले तर मी काढून ठेवते.

थ्रिप्सवर निमतेल, १०००० पीपीएमचं (म्हणजे दहा लाख भागांत किडीवर चालणारा घटक, अॅझाडिरेक्टिन, एवढे भाग) २ मिली लिटरला, साबणाचे थेंब टाकून आधी तेलाचं नीट दूध होऊ द्यायचं, मग पाणी. संध्याकाळी उशिरा, कारण त्यातलं अॅझाडिरेक्टिन उन्हात लवकर मोडतं, आणि केलेलं द्रावण त्याच दिवशी संपवायचं. दुसऱ्या दिवशी कीड जिवंत दिसते म्हणून लोक निराश होतात, पण निंबाने कीड पटकन मरत नाहीच, तिचं खाणं सुटतं, कात टाकता येत नाही, अंडी कमी होतात. आठवड्याने परत, आणि त्यानंतरच ठरवायचं. दुकानात नुसतं "नीम ऑइल" लिहिलेली बाटली असेल तर पीपीएम विचारायचं, ३००, १५०० आणि १०००० ला एकच डोस नसतो.

६ एप्रिल

३८ अंश. अरेका पामचं कोडं सुटलं. पानाच्या मागे बारीक जाळी, वरून पिठूळ फिकट ठिपके, कागदावर झटकलं तर चालणारे ठिपके, कागदावरच बोटाने चिरडले की तांबूस रेघ. लाल कोळी. हा कीटक नाहीच, आठ पायांचा, कोळ्यांच्या भाऊबंदातला, म्हणून कीटकनाशकं याच्यावर बऱ्याचदा फुकट जातात, उलट त्याला खाणारे मरतात आणि तो फोफावतो.

याला कोरडी गरम हवा आवडते, म्हणून पाणी हाच उपाय. पाम बाथरूममध्ये नेऊन शॉवरखाली, पानं उलटी करून. मोगरा आणि गुलाबाला सकाळी पानांखालून धार. गंधक चालतं, पाण्यात मिसळणारं, लिटरला २ ग्रॅम, पण पारा तिशीच्या वर गेला की गंधकाने पानं भाजतात आणि निमतेल मारून दोन आठवडे झाले नसतील तरीही भाजतात. म्हणजे आत्ता नाहीच. कूलरची गार हवा पामवर थेट येत होती, त्याचीही जागा बदलली.

मे

काही फवारलं नाही. ४० अंशात तेल, साबण, अर्क काहीही पानावर पडलं तर कीड राहू द्या, झाडच जातं. ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट, सकाळचं पाणी, सुकलेली पानं काढणे, बस. मोहरी वाळली, बी धरलं. ढालकिडे कमी झालेत.

२१ जून

पाऊस सुरू, निंबोळ्या पिकून पडायला लागल्या. सकाळी फिरायला जाते त्या रस्त्याला ओळीने कडुनिंब आहेत, पिशवी घेऊन जाते, लोक बघतात, बघू देत. आज शेजारच्या काकूही आल्या, म्हणाल्या, "अगं, आमच्याकडे धान्यात पाला घालायचे तेवढंच मला माहीत."

पिवळ्या निंबोळ्या पाण्यात चोळून गर काढायचा, बी सावलीत वाळवायचं, उन्हात नाही, आणि कापडी पिशवीत, प्लास्टिकमध्ये बुरशी धरते. ताजं बी लगेच वापरत नाहीत, तीनचार महिने जुनं झालं की घ्यायचं आणि वर्षभर जुनं झालं की त्यात दम राहत नाही. पाच टक्के अर्क म्हणजे शंभर लिटरला पाच किलो, आपल्या मापात लिटरला ५० ग्रॅम. बी जाडसर कुटून फडक्यात बांधून रात्रभर पाण्यात, सकाळी पोटली पिळायची जोवर पांढरट पाणी येतंय तोवर, गाळून त्यात चिमूटभर साबण. मिक्सरमध्ये नका करू, आठवडाभर चटणी कडू लागेल. पालाही चालतो पण ताकद बियांत आहे.

९ जुलै

पावसाळ्याची पाहुणेमंडळी. नर्सरीतून आणलेल्या रोपाच्या पिशवीतून एक शंखी गोगलगाय तिसऱ्या मजल्यावर पोचली. आफ्रिकेची, १८४७ मध्ये मॉरिशसहून कलकत्त्याला कुणी हौसेने आणली आणि मग देशभर पसरली, २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड, उस्मानाबादकडे सोयाबीनची कोवळी रोपं हिनेच फस्त केली होती. रात्री टॉर्च घेऊन, हातमोजे घालून वेचायच्या (हिच्यात माणसाला बाधणारा कृमी असू शकतो, लेकीला हात लावू दिला नाही), मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकायच्या. मीठ कुंडीत टाकायचं नाही. ओलं गोणपाट ठेवलं की सकाळी त्याखाली जमलेल्या सापडतात. मातीत पिवळट पांढऱ्या अंड्यांचा पुंजका होता तोही बादलीत. यापुढे नवीन रोप पंधरा दिवस वेगळं ठेवायचं, ही गोष्ट खरं तर गोगलगायीपेक्षा ढेकणांसाठी जास्त महत्त्वाची.

घरात मनी प्लांटभोवती काळ्या बारीक माश्या, चहाच्या कपात पडणाऱ्या. त्यांच्या अळ्या ओल्या कोकोपीटमध्ये असतात. वरचा इंचभर थर पूर्ण सुकू द्यायचा, पाणी खालच्या ताटलीतून, वर जाड वाळूचा थर. बटाट्याची चकती मातीवर ठेवली की अळ्या तिच्याखाली गोळा होतात, चकती फेकायची. एवढ्याने कमी झाल्या. फारच असतील तर डासांच्या अळ्यांसाठी वापरतात तो बीटीआय जिवाणू पाण्यातून देतात, मला गरज पडली नाही.

लिंबावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखं दिसणारं काहीतरी, नीट बघितलं तर अळी. लिंबाच्या फुलपाखराची. मोठी झाली की हिरवीगार होते आणि डिवचलं की डोक्यामागून नारिंगी शिंग काढून घाण वास सोडते. लहान लिंबाच्या झाडाची पानं ही बघता बघता संपवते. कढीपत्त्यावरही चालते तिला, तर सगळ्या उचलून आमच्या मोठ्या जुन्या कढीपत्त्यावर नेऊन ठेवल्या, लेक रोज शिंग बघायला जाते. बीटी (अळ्या मारणारा जिवाणू) फवारता आलं असतं, पण हाताने उचलता येणाऱ्या गोष्टीला फवारा कशाला?

२ ऑगस्ट

जास्वंदीवर परत थोडे ढेकूण, सलग पावसात चिकट पट्टी धुऊन गेली होती. पट्टी नवी. शिवाय व्हर्टिसिलियम आणलं कृषी सेवा केंद्रातून, ही किडीला रोग लावणारी बुरशी, दमट हवेत चालते म्हणून आत्ताच, एप्रिलमध्ये हिचे पैसे पाण्यात जातात. लिटरला ५ ग्रॅम, संध्याकाळी, रिमझिम थांबलेली असताना. घेताना तारीख बघायची, आणि पुडा कुठे ठेवला होता तेही. दुकानाच्या पत्र्याखाली उन्हात असेल तर आत जिवंत काही उरलेलं नसतं. बुरशीनाशकासोबत अर्थातच नाही.

आठवड्याने ढेकणांवर वेगळीच लोकरी बुरशी दिसली. छान.

२० ऑगस्ट

दोडके आणि कारली, फळमाशी. कोवळ्या फळावर डंखाचा ठिपका, मग फळ वाकडं, पिवळं, आत अळ्या. आत गेलेल्या अळीला कुठलाच फवारा लागत नाही, त्यामुळे फूल गळून फळ धरलं की लगेच कागदाची पिशवी. दोडक्याला लांब पिशवी लागते, वर्तमानपत्राची शिवली.

वेलवर्गीयांसाठी क्यू-ल्यूरचा गंध सापळा, आंबा-पेरूच्या माशीसाठी मिथिल युजेनॉलचा, दुकानदार सरसकट एकच देतो, विचारून घ्यायचा. दोन्हीत नरच अडकतात. मिथिल युजेनॉल तुळशीतही असतं, म्हणून पेरूच्या दिवसांत तुळशीवर या माश्या बसलेल्या दिसतात. पडलेली, किडलेली फळं काळ्या पिशवीत बांधून दिवसभर उन्हात, मग कचऱ्यात. ती कुंडीतच पुरली तर पुढची पिढी आपणच पेरली.

तुळशीवरून आठवलं, तिची पानं मुडपून खालून काळे ठिपके आहेत, भिंगाखाली जाळीदार पंखांचे चपटे ढेकूण. तुळशीवर साबणसुद्धा नको असं आईचं म्हणणं (रोज दोन पानं चहात जातात), त्यामुळे शेंडे छाटले आणि पाण्याची धार. नवी पानं स्वच्छ येतायत.

७ सप्टेंबर

काकूंनी तंबाखूचं पाणी आणलं, "एकदम घरगुती, सेंद्रिय". मी घेतलं नाही आणि थोडी वादावादी झाली. तंबाखूतलं निकोटिन हे भयंकर विष आहे, कातडीतून शरीरात जातं, भाजीच्या पानात उतरतं, मधमाश्या मारतं, शिवाय तंबाखूतून टोमॅटो-मिरचीला मोझॅक विषाणू लागू शकतो. झाडापासून काढलं म्हणजे निरुपद्रवी असं थोडंच आहे? दशपर्णीतही (दहा प्रकारच्या पाल्यांचा अर्क) कण्हेर असते, रुई असते, घाणेरी असते, म्हणून शेतावर दशपर्णी ढवळणारा माणूस लांब काठी घेतो आणि भांडं वेगळं ठेवतो. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते, तरी लोक ती स्वयंपाकघराच्या मिक्सरमध्ये करतात. गच्चीवर मला यातलं काहीच लागलं नाही. काकू म्हणाल्या, "मग आमच्या गुलाबाला करू काय?" मी वर जाऊन त्यांच्या कुंड्या बघितल्या, खोडावर मुंग्यांची रांग. ग्रीसचा डबा देऊन आले.

२७ सप्टेंबर

काकूंचा गुलाब सुधारलाय, पट्टी त्यांनी स्वतः बदलली.

मामांची ऑक्टोबर छाटणी जवळ आली, त्यांच्या बागेत यंदा क्रिप्टोलेमस सोडणार आहेत, त्यातले थोडे मला देतो म्हणालेत. मोनोची ऑफर या वेळी आली नाही.

मोहरीचं बी परत पेरलं, या वेळी तीन कुंड्यांत, एकेक पंधरवड्याच्या अंतराने, म्हणजे मावा सलग राहील. कडेला झेंडू आणि बडीशेप, सिरफिड आणि गांधीलमाश्यांना मध हवा असतो. निंबोळीचं बी अडीच किलो भरलं, पुढच्या महिन्यात पहिला अर्क. सीताफळाच्या फळांच्या फटीत पांढरं दिसतंय, उद्या सकाळी आधी खोड बघायचं.